आधी पचन, मग भोजन

पावाच्या पाकिटावरचा बारीक मजकूर वाचला, तर घटकांच्या यादीत पुष्कळदा ‘आयएनएस ११००’ असा आकडा सापडतो. जड जेवणानंतर घ्यायच्या पाचक गोळ्यांच्या पट्टीवर ‘फंगल डायस्टेज’ लिहिलेलं असतं, तर चीजच्या डब्यावर ‘मायक्रोबियल रेनेट’. या तिन्ही नावांमागे बहुतेक वेळा बुरशी असते. त्या पदार्थात बुरशी स्वतः नसते. असतं ते तिच्याकडून मिळवलेलं विकर, म्हणजे एन्झाइम.

बुरशीला तोंड नाही आणि पोटही नाही. तिच्या तंतूंना कडक भिंत असते आणि आत शिरू शकतात ते साखरेसारखे लहान रेणू. समोर मात्र लाकूड, धान्य, कापूस असं अवाढव्य रेणूंचं अन्न पडलेलं असतं. म्हणून ती आपली पाचक विकरं बाहेर सोडते, अन्नाचे जागच्या जागी तुकडे करते आणि विरघळलेला रस शोषून घेते. आपण जेवतो आणि मग पचवतो. तिचं आधी पचन, मग भोजन. कारखानदाराला नेमकी हीच सवय सोयीची पडते. विकर पेशीच्या आत दडलेलं असेल, तर पेशी फोडा, गाळ वेगळा करा, शेकडो प्रथिनांतून हवं ते निवडा, असा खर्चिक खटाटोप करावा लागतो. बुरशी आपला माल टाकीतल्या पाण्यात आपणहून आणून ठेवते. तो गाळायचा, घट्ट करायचा आणि पिंपात भरायचा.

यातला व्यापार आधी हेरला तो जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञानं. साके, मिसो, सोया सॉस यांसाठी जपानात अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी धान्यावर वाढवतात. तिला ‘कोजी’ म्हणतात. ती पिष्टाची साखर करते. अमेरिकेत व्हिस्कीसाठी हेच काम माल्टकडून, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या बार्लीकडून करून घेत. ताकामिने १८९० मध्ये अमेरिकेत गेले आणि इलिनॉय राज्यातल्या पिओरियात त्यांनी माल्टच्या जागी कोजी आणायचा घाट घातला. माल्टवाले बिथरले, पुढे कारखान्याला आग लागली आणि व्हिस्कीचा बेत बारगळला. पण कोंड्यावर बुरशी वाढवून तिचं विकर वेगळं काढायच्या कृतीचं पेटंट त्यांना १८९४ मध्ये मिळालं. पार्क-डेव्हिस कंपनीनं ते ‘टाका-डायस्टेज’ या नावानं पचनाचं औषध म्हणून विकलं. आज आपल्याकडे मिळणारं फंगल डायस्टेज त्याच घराण्यातलं.

पुढचा मोठा टप्पा नासाडीतून सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिकमधल्या दमट बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू आणि कपडे बघता बघता कुजू लागले. कुजलेल्या मालाचे नमुने प्रयोगशाळेत गेले. बूगनव्हिल बेटावरच्या एका सुती तंबूवर मिळालेली बुरशी ‘क्यूएम ६ए’ या क्रमांकानं नोंदवली गेली. एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी ती वर्षानुवर्षं अभ्यासली. कापूस कुजतो कसा हे कळलं, तर तो वाचवता येईल, हा सुरुवातीचा हेतू होता. १९७३ च्या तेलसंकटानंतर हेतूच उलटा झाला. कापूस, कागद, पेंढा, लाकूड यांचा सांगाडा सेल्युलोजचा, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांबलचक साखळी. ही बुरशी ती साखळी तोडत असेल, तर कचऱ्यापासून साखर आणि साखरेपासून इंधन का करू नये? १९७७ मध्ये या बुरशीला रीस यांच्यावरून ‘ट्रायकोडर्मा रीसी’ हे नाव मिळालं.

तिची विकरं कामं वाटून घेतात. एक साखळी मधेच कापतं. दुसरं मोकळ्या टोकापासून ग्लुकोजच्या जोड्या तोडत पुढे सरकतं. तिसरं प्रत्येक जोडी फोडून ग्लुकोज सुटं करतं. पण बुरशी हिशेबी असते. भोवती ग्लुकोज आयतं मिळू लागलं, की ती विकर करणं आवरतं घेते. म्हणजे यश आलं की उत्पादन बंद. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुद्दाम उत्परिवर्तनं घडवून ‘रट-सी ३०’ हा वाण मिळवला गेला. असा लगाम घालणारं जनुकच त्यात तुटलेलं आहे, हे पुढे उघड झालं. आजचे औद्योगिक वाण लिटरमागे १०० ग्रॅमहून अधिक प्रथिन बाहेर टाकतात. २००८ मध्ये या बुरशीचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा सेल्युलोज तोडणाऱ्या विकरांची जनुकं अपेक्षेपेक्षा कमी निघाली. हत्यारं थोडी, पण पुरवठा प्रचंड.

तरीही या विकरांना भरवशाचं गिऱ्हाईक मिळालं ते इंधनाआधी जीन्समध्ये. डेनिमच्या ताण्याच्या धाग्यावर निळीचा रंग बाहेरच्या थरातच बसलेला असतो, गाभा पांढरा राहतो. जुनाट, फिकट रूप आणण्यासाठी पूर्वी जीन्स प्युमिस दगडांबरोबर यंत्रात घोळवत. दगड कपडा फाडायचे, यंत्र झिजवायचे आणि त्यांची वाळू खिशाखिशांत भरायची. १९८० च्या दशकात दगडांऐवजी सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारं विकर, आलं. ते धाग्याचा पृष्ठभाग किंचित कुरतडतं आणि घासाघाशीत वरचा रंग सुटतो. यातही कसब लागतं. ट्रायकोडर्माचं विकर आम्लधर्मी पाण्यात, साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसला झपाट्यानं काम करतं. पण सुटलेली निळी बाण्याच्या पांढऱ्या धाग्यावर पुन्हा बसते. ‘ह्युमिकोला’ या दुसऱ्या बुरशीचं विकर सावकाश चालतं, पण पांढरा रंग पांढरा राखतो. काम झालं, की तापमान वाढवून विकर मारावं लागतं, नाहीतर ते कापडाची ताकदच खाऊन टाकतं.

वेळेवर मरणं हा गुण बेकरीतही कामी येतो. बुरशीचं अमायलेज कणकेतल्या पिष्टाची थोडी साखर करतं, ती यीस्टला मिळते आणि पाव फुगतो. भट्टीची उष्णता चढताच ते निष्प्रभ होतं. उष्णतेला दाद न देणारं जिवाणूंचं अमायलेज भट्टीतही काम करत राहतं आणि त्याचं प्रमाण जरा चुकलं तर पाव आतून चिकट होतो. मात्र बुरशीच्या अमायलेजची कोरडी पूड श्वासातून गेल्यानं बेकरी कामगारांना दमा जडल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. चीजचं म्हणाल, तर दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट लागे. १९६० च्या दशकापासून ‘रायझोम्युकर’ बुरशीचं विकर ते काम करू लागलं आणि शाकाहारी ग्राहकाची अडचण सुटली.

उरलं इंधन. महाराष्ट्रातले कारखाने मळीपासून इथेनॉल करतात, तेव्हा या बुरशीची गरज पडत नाही. मळीत साखर तयारच असते आणि यीस्ट ती थेट आंबवतं. बुरशी लागते ती पेंढ्याला किंवा चिपाडाला हात घालताना. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा असा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं आहे. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचा पेंढा आणि त्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, असं त्याचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. काम सोपं नाही. सेल्युलोजभोवती लिग्निनचं चिवट कवच असतं; ते उष्णतेनं किंवा रसायनांनी आधी सैल करावं लागतं. शिवाय पिष्टापेक्षा सेल्युलोज फोडायला कित्येक पट विकर लागतं. जंगलात पडलेलं झाड कुजायला वर्षं लागली, तरी बुरशीचं काही अडत नाही. कारखान्याला तेच काम दोन-तीन दिवसांत आणि परवडेल अशा भावात हवं असतं. आपल्याकडच्या चिपाडाला तर आधीपासूनच गिऱ्हाईक आहे. साखर कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतात, उरलेली वीज विकतात. त्यामुळे चिपाडापासून इथेनॉल करू पाहणाऱ्या विकराची गाठ पेट्रोलशी नंतर पडेल; पहिली झुंज कारखान्यातल्या बॉयलरशीच आहे.