धांवपट्टी आहे, पण वाट?

गांवीं मोठा विमानतळ झाला कीं परदेशचीं विमानें आपोआप उतरूं लागतील, असा भोळा समज सुशिक्षितांतही आढळतो. त्यांनीं केरळांतील कण्णूर पाहावें. तेथील विमानतळ ९ डिसेंबर २०१८ रोजीं सुरू झाला. पहिलेंच विमान गेलें तें अबूधाबीस. धांवपट्टी ३,०५० मीटर लांब, म्हणजे अवजड विमानेंही सुखेनैव उतरावींत अशी. उतारूंचीही वाण नाहीं. उत्तर मलबारांतील किती तरी घरांचा कर्ता पुरुष आखाती देशांत नोकरीस असतो.

मग अडलें कोठें? परकीय कंपन्यांनीं आपल्या देशांत कोणकोणत्या गांवीं उतरावें, हें दोन सरकारांमधील हवाई करारांत ठरलेलें असतें. त्या यादींत कण्णूरचें नांव घालण्यास केंद्र सरकार वर्षानुवर्षें राजी झालें नाहीं. परकीयांस नवीं द्वारें उघडलीं तर स्वदेशी कंपन्यांचे उतारू पळतील, ही धास्ती. आणि ती अगदींच निराधार आहे, असें मी म्हणणार नाहीं. परंतु स्वदेशी कंपन्या तरी अशा किती? मे २०२३ मध्यें गो फर्स्ट बंद पडली आणि कण्णूरचा परदेशी प्रवास एअर इंडिया एक्सप्रेस व इंडिगो या दोघींच्याच हातीं राहिला. शाळांच्या सुट्ट्यांत भाडें अवाच्या सवा चढतें, तेव्हां सहकुटुंब येणाऱ्या नोकरदारानें करावें काय?

तो दारचा विमानतळ सोडून कोळिकोडास उतरतो व तेथून मोटारीनें घर गांठतो. कोळिकोडची धांवपट्टी कण्णूरहून तोकडी, पण त्याचें नांव यादींत आहे.