हरलेल्या सैनिकाची साक्ष

वॉशिंग्टन शहरात काळ्या ग्रॅनाइटची एक लांबलचक भिंत आहे. व्हिएतनाम युद्धात कामी आलेल्या आणि बेपत्ता झालेल्या ५८ हजारांहून अधिक अमेरिकनांची नावे तिच्यावर कोरलेली आहेत. १९८२ साली ती राष्ट्राला अर्पण झाली. आजही तेथे येणारे आप्त आणि सोबती नावांवर कागद ठेवून पेन्सिलीने त्यांचा ठसा उमटवून नेतात. या अमेरिकनांच्या खांद्याला खांदा लावून दक्षिण व्हिएतनामचे सैन्यही लढत होते. अमेरिकी लष्कराच्या अंदाजानुसार त्या सैन्याचे दोन ते अडीच लाख जवान मारले गेले. त्यांच्यासाठी अशी भिंत कोणी बांधायची? ज्या राज्यासाठी ते लढले, ते राज्यच ३० एप्रिल १९७५ रोजी सायगावच्या पाडावाबरोबर संपले.

भारतीय वाचकाला हा सैनिक फारसा परिचित नाही. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनामवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. कॅनडा आणि पोलंड हे त्याचे अन्य सदस्य. तथापि, पुढे युद्ध भडकल्यावर आपल्याकडील तरुणांची सहानुभूती प्रामुख्याने हो ची मिन्ह यांच्या बाजूने राहिली. कोलकात्यात अमेरिकी वकिलात असलेल्या रस्त्यालाच हो ची मिन्ह यांचे नाव देण्यात आले. या भावनेत सायगावच्या सैनिकाला ‘अमेरिकेचे प्यादे’ यापलीकडे ओळख मिळाली नाही. ते सरकार भ्रष्टाचाराने पोखरलेले होते, हे खरेच. पण त्याच्या सैन्यात सक्तीने भरती झालेला शेतकऱ्याचा मुलगा, उत्तरेतून पळून आलेला निर्वासित, अमेरिकी तुकडीबरोबर फिरणारा दुभाषा अशी नाना तऱ्हेची माणसे होती. ती आता वृद्ध झाली आहेत. १९७२ साली अठरा वर्षांचा असलेला शिपाईही आज सत्तरी ओलांडून गेला आहे.

आठवणींची विषम वाटणी

एकाच युद्धाच्या दोन मित्रांनी जपलेल्या आठवणी किती वेगळ्या असू शकतात, याचे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. १९६५ पासून अमेरिकी मरीन दलाने काही खेड्यांत संयुक्त तुकड्या ठेवल्या. डझनभर मरीन आणि नौदलाचा एक वैद्यकीय सेवक गावच्या संरक्षक दलातील व्हिएतनामी जवानांबरोबर राहत, रात्रीची गस्त एकत्र घालत. मात्र मरीन सैनिकाची नेमणूक साधारण तेरा महिन्यांची असे. तो कॅलेंडरवर दिवस खोडत असे. त्याच्या शेजारी दबा धरून बसलेल्या गावकऱ्याला परतीची तारीखच नव्हती. ते त्याचे घर होते आणि युद्ध संपेल तेव्हाच त्याची सुटका होणार होती. त्या रात्रीचे वर्णन केवळ मरीन सैनिकाकडून ऐकले, तर अर्धीच रात्र कळते.

१९७५ नंतर तर ही दरी अधिकच रुंदावली. अमेरिकी सैनिकाच्या आठवणीमागे कागदांचा भक्कम आधार आहे. त्याचे सेवापुस्तक, तुकडीचे दैनंदिन अहवाल, घरी धाडलेली पत्रे, छायाचित्रे अशी सामग्री सहसा कोठे ना कोठे सापडते. उलट, सायगाव पडताच दक्षिणेतील असंख्य कुटुंबांनी गणवेश, ओळखपत्रे, पदके आणि छायाचित्रे स्वतःच्या हाताने जाळली वा पुरून टाकली. घरात असा एखादा कागद सापडणे म्हणजे संकटाला निमंत्रण होते. पाठोपाठ अधिकाऱ्यांची रवानगी ‘पुनर्शिक्षण’ छावण्यांत झाली. कोणी तेथे तीन वर्षे काढली, कोणी पंधराहून अधिक. १९८९ मध्ये अमेरिका आणि व्हिएतनाम यांच्यात समझोता झाला आणि किमान तीन वर्षे छावणीत काढलेल्यांना सहकुटुंब अमेरिकेत जाण्याची वाट मोकळी झाली. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये उतरलेल्या या माणसांजवळ सामान थोडके आणि कागद त्याहून थोडके होते. सायगाव सरकारची दफ्तरे हो ची मिन्ह शहरातील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत व संशोधकांना ती पाहता येतात. परंतु सरकारी दफ्तरात साध्या शिपायाची रात्र उतरत नाही. ती सांगायला तो स्वतःच हवा. म्हणूनच त्याचे बोलणे हाच दस्तऐवज ठरतो.

कोण जतन करते?

अमेरिकेच्या संसदेने २००० साली कायदा करून माजी सैनिकांच्या कथनांचा संग्रह सुरू केला. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सोपविलेल्या या संग्रहात एक लाखाहून अधिक व्यक्तींची कथने, पत्रे व छायाचित्रे जमली आहेत. पण हा संग्रह अमेरिकी सेनादलांत सेवा केलेल्यांचा आहे. साहजिकच मित्रसैन्यातील व्हिएतनामी त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

ही उणीव इतरांनी काही अंशी भरून काढली. टेक्सासमधील लबक येथील टेक्सास टेक विद्यापीठात १९८९ साली व्हिएतनामविषयक केंद्र स्थापन झाले. स्वतः या युद्धात सेवा केलेले इतिहासाचे प्राध्यापक जेम्स रेकनर यांचा त्यात पुढाकार होता. अमेरिकी सैनिकांच्या कागदपत्रांबरोबरच छावण्यांतील राजकीय कैद्यांच्या कुटुंबीयांनी चालविलेल्या संघटनेचे दफ्तरही तेथे जपले गेले आहे. अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८७ पासून आग्नेय आशियाई निर्वासितांचा संग्रह असून, २०११ मध्ये तेथे व्हिएतनामी-अमेरिकनांच्या मौखिक इतिहासाचा प्रकल्प सुरू झाला. त्यातील अनेक मुलाखती मूळ व्हिएतनामी भाषेतच आहेत, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

कारण भाषा बदलली की आठवणही आक्रसते. वृद्ध सैनिक परक्या इंग्रजीत बोलू लागला की तारखा आणि ठिकाणे सांगून थांबतो. मातृभाषेत तोच माणूस आईने बांधून दिलेल्या शिदोरीवर येतो. नातवंडांना मात्र ती भाषा बऱ्याचदा पुरेशी येत नाही. त्यामुळे मुलाखत घेणारा दोन्ही भाषा जाणणारा असावा लागतो. प्रश्न बालपणापासून सुरू करावेत, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संपणारे नसावेत, वृद्ध थांबला तर ती शांतता घाईने भरू नये, असे या कामाचे साधे नियम आहेत. ध्वनिमुद्रणाचे शब्दांकन करून ते कथनकर्त्याला दाखवावे लागते, त्याचे संमतिपत्र घ्यावे लागते. ज्यांचे नातलग अजून व्हिएतनाममध्ये आहेत ते काही नावे गाळावयास सांगतात, आणि त्यांच्या शब्दाचा मान राखावाच लागतो.

स्मृती म्हणजे इतिहास नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पन्नास वर्षांनंतर तारखा सरकतात, ऐकलेले पाहिल्यासारखे वाटू लागते. पराभूतांच्या वस्तीत गमावलेल्या देशाचे चित्र उजळ होत जाते आणि आपल्या बाजूने केलेल्या अत्याचारांवर मौन पाळले जाते. म्हणून एकाच प्रसंगाची अमेरिकी आणि व्हिएतनामी कथने शेजारी ठेवून लष्करी अहवालांशी ताडून पाहावी लागतात. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार या युद्धात दोन्ही भागांतील सुमारे २० लाख नागरिक आणि सरकारच्या बाजूचे ११ लाख लढवय्ये प्राणास मुकले. दक्षिणेच्या सैनिकाची साक्ष या मृतांच्या शेजारी ठेवायची आहे, त्यांच्या जागी नव्हे.

कॅलिफोर्नियातील वेस्टमिन्स्टर शहरात २००३ साली एक स्मारक उभे राहिले. त्यात अमेरिकी आणि दक्षिण व्हिएतनामी असे दोन सैनिक शेजारी शेजारी उभे आहेत. तिकडे सायगावजवळच्या बिएन होआ येथील जुन्या लष्करी दफनभूमीत हजारो थडगी आहेत. कित्येक वर्षे ती जागा लष्कराच्या ताब्यात होती. २००६ मध्ये ती मुलकी प्रशासनाकडे आली आणि आप्तांना तेथे जाऊन थडगी साफसूफ करणे अधिक सुलभ झाले. त्या थडग्यांत विसावलेल्यांचे सोबती अजून हयात आहेत. तो कोण होता, कसा हसायचा, शेवटच्या दिवशी काय म्हणाला, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या घरातील कोणी मुद्रणयंत्र घेऊन त्यांच्यासमोर बसण्याची वेळ हीच आहे.