लाल दिवा विझलेला असला, तरी निश्चिंत राहू नका

गेल्या पावसाळ्यात नाशिकहून मुंबईला येताना कसारा घाटात आमच्या गाडीचे दिवे पिवळे पडू लागले. वायपर जड झाले. मागे आई आणि माझी धाकटी मुलगी बसल्या होत्या. ‘‘अरे, पुढचं दिसतंय ना?’’ आईने दोनदा विचारले. एका ट्रकच्या मागे राहून, त्याच्या उजेडात आम्ही कसेबसे घाट उतरलो.

गाडी बाबांची, १९६४ सालची ॲम्बेसॅडर. महिन्यापूर्वीच नवी बॅटरी घातली होती. एका गॅरेजवाल्याने सांगितले, ‘‘बॅटरी खराब निघाली, दुसरी घाला.’’ दुसरा म्हणाला, ‘‘डायनामो काढून अल्टरनेटरच बसवा.’’ मी तर गाडी विकून टाकू म्हणालो. बाबा एवढेच बोलले, ‘‘अरे, दुखणं कळल्याशिवाय औषध कसलं द्यायचं?’’ आणि त्यांनी बाजारातून एक साधा व्होल्टमीटर आणला.

ॲम्बेसॅडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. डायनामोची नस ओळखणारे मिस्त्रीही आता थोडेच. म्हणून जुनी गाडी जपणाऱ्याला ही तपासणी स्वतःला यायला हवी. ती क्रमाने केली, तर अवघड नाही.

आधी साध्या गोष्टी

बॅटरीची टोके पांढरी-हिरवी झाली असतील तर गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून घट्ट आवळा. बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टीही तपासा. फॅन बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला, तर साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. जास्त दबत असेल तर तो घसरतो आणि डायनामो पुरेसा फिरत नाही.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत चांगल्या भरलेल्या बॅटरीचे मोजमाप १२.६ व्होल्टच्या आसपास येते. इंजिन सुरू करून थोडा ॲक्सिलरेटर दिला, की ते १३.५ च्या वर चढले पाहिजे. चढत नसेल, तर बॅटरीपर्यंत वीज पोहोचत नाही. मग नवी बॅटरी घालून काय उपयोग?

डायनामो की पेटी?

अशा गाड्यांतील लुकास पद्धतीच्या डायनामोला दोन टोके असतात. मोठे डी, लहान एफ. इंजिन बंद असताना दोन्ही वायरी काढा. डी आणि एफ एका छोट्या तारेने जोडा आणि मीटर त्या तारेवर व बॉडीवर लावा. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे अधिक टोक बॉडीला जोडलेले असते. तसे असेल तर मीटरच्या वायरी उलट लावा.

आता इंजिन सुरू करून वेग हळूहळू वाढवा. काटा न थरथरता झरझर वर गेला, तर डायनामो ठीक आहे. मात्र २० व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका. काटा हललाच नाही, तर कार्बन झिजले किंवा अडकले असावेत. अर्धा-एक व्होल्टच आला, तर फील्ड कॉइलचा संशय घ्या. चार-पाच व्होल्टवर अडकला, तर आर्मेचरचा.

डायनामो ठीक निघाला, तर दोष वायरींत किंवा कट-आउटच्या पेटीत असतो. पेटीतील स्क्रू मात्र अंदाजाने फिरवू नका. ते काम जाणकाराचे.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून पाहण्याची रीत काही गॅरेजमध्ये आहे. ती टाळा. त्याने दिवे जळू शकतात आणि अल्टरनेटर असेल, तर तोही निकामी होऊ शकतो. पंख्याजवळ ओढणी, पदर किंवा सैल बाही नको. बॅटरीजवळ विडी-काडी तर नकोच, कारण तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो.

क्षमता ओळखा

त्या काळच्या सी-४० डायनामोची क्षमता साधारण २२ अँपिअर असे. १०० वॅटचे दोन हॅलोजन दिवे लावले, तर सोळा-सतरा अँपिअर तेच खातात. त्यात वायपर, मागचे दिवे, इग्निशन आले, की बॅटरीला काय उरणार? शिवाय इंजिन मंद चालताना डायनामो चार्जिंग करतच नाही. त्या वेळी लाल दिवा मिणमिणला, तर घाबरू नका. वेग वाढवूनही तो विझला नाही, तरच काळजी करा.

आमच्या गाडीचे दुखणे

आमचा डायनामो ठणठणीत होता. पेटीकडे जाणाऱ्या जाड वायरीचे टोक आतून हिरवे पडून सैल झाले होते. मग इतके दिवस लाल दिवा का लागला नाही? कारण त्याचा बल्बच जळाला होता! दिवा दिसत नाही म्हणजे सारे ठीक, असे आम्ही समजत होतो. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी तो लागतो की नाही, हे कुणी पाहिलेच नव्हते.

वायरीचे टोक पॉलिश पेपरने घासून आवळले, बल्ब बदलला. एका बल्बच्या किमतीत काम झाले. गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. आता प्रवासाला निघताना आई मागून सांगते, ‘‘आधी तो लाल दिवा दाखव, मग गाडी काढ.’’