अंगणातलं गवत आणि शहराचा कायदा
अमेरिकेतल्या अनेक शहरांत घर घेतलं की गवत कापणं हे कायदेशीर कर्तव्य होतं. डॅलसमध्ये ते १२ इंचांवर, ह्यूस्टनमध्ये ९ इंचांवर गेलं की नियमभंग. सहसा आधी नोटीस, मग मुदत, मग दंड; कधी शहरच गवत कापून खर्च मालकाकडून वसूल करतं. थकलेली रक्कम घरावर बोजा म्हणून चढू शकते. फ्लोरिडातल्या डनीडिनमध्ये २०१८ साली वाढलेल्या गवतापायी एका घरमालकाला दिवसाला ५०० डॉलरप्रमाणे जवळपास ३० हजार डॉलर दंड झाला. ही शिक्षा मला अन्यायाची वाटते. त्यामुळे भारतात लांब सुट्टीवर येताना गवत कापण्याची सोय करा आणि शहराकडून आलेली पत्रं वाचायला शेजाऱ्याला सांगून ठेवा.