गुरुदक्षिणेचें बीज

कालिदासाच्या रघुवंशांतील कौत्साची कथा आमच्या वाचकांस परिचित आहेच. अध्ययन संपल्यावर गुरुदक्षिणा काय देऊं, असें त्यानें विचारलें, तेव्हां वरतंतूंनीं त्याची निष्ठापूर्वक सेवा हीच दक्षिणा मानिली. पुढें शिष्याचा आग्रह अनावर झाल्यामुळें चौदा विद्यांचे चौदा कोटि मागितले गेले. सर्वांचें लक्ष त्या कोटींवर जातें. आमच्या मतें आधींची सेवा अधिक विचारणीय आहे.

आधुनिक उदाहरण पवईच्या आय. आय. टी. चें घेऊं. श्री. नंदन निलेकणी तेथें १९७३ सालीं दाखल झाले. त्या घटनेस पन्नास वर्षें झाल्याच्या निमित्तानें त्यांनीं जून २०२३ मध्यें संस्थेस ३१५ कोटि रुपये दिले. पूर्वींचे ८५ कोटि धरून एकंदर ४०० कोटि. विद्यार्थिदशेंत ते केवळ पुस्तकांत बुडालेले नव्हते. विद्यार्थीच चालवितात त्या ‘मूड इंडिगो’ उत्सवांत व प्रश्नमंजूषेंत ते रमत असत.

अमेरिकेंत येल विद्यापीठाचा माजी विद्यार्थ्यांचा निधि १८९० पासून आहे. मंडळें, क्रीडा, नाट्य यांत भाग घेतलेले विद्यार्थी पुढें अधिक देतात, असें तेथील अनेक अभ्यासकांस आढळलें आहे. कारण उघड आहे. फी भरून घेतलेल्या विद्येचा व्यवहार पदवीबरोबर पुरा होतो. परंतु जेथें आपण सतरंज्या अंथरल्या, वर्गणीचा हिशेब राखिला, ती वास्तु आपली होते. शिवाय दारोदार वर्गणी मागणाऱ्यास संस्था कशावर चालते, हें लवकर कळतें. अर्थात् जो स्वभावतःच मिळूनमिसळून वागणारा, तोच संमेलनांतहि पुढें व देण्यांतहि पुढें, असेंहि असूं शकेल. आणि देण्यास ऐपतहि लागते. म्हणून हा नियम अबाधित मानूं नये.

तथापि एक गोष्ट आम्हांस सलते. आमच्या शिक्षकी काळांत एका मुलानें संमेलनाच्या रंगमंचापायीं गणिताचे चार तास बुडविले. आम्हीं त्याच्या वडिलांस चिठ्ठी धाडिली व त्यांनीं त्याचें नांव संमेलनांतून काढविलें. मुलगा उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाला. वीस वर्षांनीं शाळेच्या छपरासाठीं आम्हीं माजी विद्यार्थ्यांस पत्रें लिहिलीं. त्या वर्षीं पडद्याची दोरी ज्याच्या हातीं होती, त्या बेताच्या हुशारीच्या मुलानें कारकुनी पगारांतून पैसे पाठविले आणि विचारलें, “गुरुजी, पडदा अजून मध्येंच अडकतो का?” दुसऱ्याचेंहि उत्तर आलें. तें अत्यंत सभ्य होतें; परंतु त्यांत मिळविलेल्या गुणांखेरीज शाळेची एकहि आठवण नव्हती, आणि देणगीहि नव्हती. दोष त्याचा नव्हे. त्याच्या हातांतून दोरी आम्हींच काढून घेतली होती.

घरांतील वडीलधाऱ्यांस आमची विनंति एवढीच. मुलें-मुली संमेलनाची परवानगी मागावयास आलीं, तर गुणपत्रिका जरूर पाहा. पण तेवढ्यावरून नकार देऊं नका. पुढें देणगी मिळावी या लोभानें संमेलनें भरवावयाचीं नसतात. ज्या वास्तूसाठीं मूल कधीं घामाघूम झालें नाहीं, तिचें छप्पर गळूं लागलें असतां त्याला हळहळ वाटावी तरी कशी?