खिशांतलें पिस्तूल आणि चांदमारीवरील पहिला दिवस

डिसेंबर २०२४ मध्यें बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांतील मस्साजोग या गांवचे सरपंच संतोष देशमुख यांचें अपहरण होऊन त्यांची हत्या झाली. त्या हत्येंत बंदुकीची गोळी सुटली नव्हती. तथापि तिच्यामागून महाराष्ट्रभर जी चर्चा उसळली, तींत एक प्रश्न शस्त्रांचाहि होता. जिल्ह्यांतील शस्त्रपरवान्यांची संख्या बाराशेंहून अधिक असल्याचें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें, हवेंत गोळ्या झाडणाऱ्या हौशी मंडळींच्या चित्रफिती घरोघर पाहिल्या गेल्या, आणि पुढें २०२५ मध्यें प्रशासनानें अनेक परवाने काढून घेतले. परवाने कोणाला मिळाले व कां मिळाले, याची चौकशी करणें हें सरकारचें काम. पण त्याच्याच शेजारीं दुसरा एक प्रश्न उभा आहे व तो प्रत्येक कुटुंबाचा आहे. संरक्षणासाठीं म्हणून जें लहानसें पिस्तूल घरांत येतें, तें खरोखर कितपत संरक्षण करतें?

या प्रश्नाचें उत्तर दुकानांतील कांचेच्या कपाटासमोर मिळत नाहीं. तें मिळतें चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, आणि बहुधा पहिल्याच दिवशीं मिळतें.

आपल्याकडे बोलतांना मुठींत मावणाऱ्या सर्वच बंदुकांना पिस्तूल म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः त्यांत दोन जाती आहेत. रिव्हॉल्व्हरमध्यें एक फिरतें चक्र असतें व त्यांत बहुधा सहा घरें असतात. प्रत्येक घरांत एक काडतूस बसतें. चाप ओढला कीं चक्र एक घर पुढें सरकतें, मागचा घोडा उचलला जाऊन काडतुसावर आदळतो व गोळी सुटते. स्वयंभरणाच्या पिस्तुलांत काडतुसांची पेटी मुठीच्या आंत असते. गोळी सुटल्याच्या धक्क्यानेंच वरचा सरकता भाग मागें जातो, रिकामें टरफल बाहेर फेंकतो आणि परत येतांना नवें काडतूस नळींत भरतो. पहिल्या जातीची रचना साधी. एखादें काडतूस फुसकें निघालें तर पुन्हां चाप ओढतांच पुढलें समोर येतें. दुसरी जात चपटी, म्हणून अंगावर बाळगण्यास सोयीची; परंतु तिचें काडतूस अडकलें तर तें सोडविण्याची संवय हाताला असावी लागते.

भारतांत सामान्य नागरिकाला मिळणारें असें शस्त्र प्रायः ०.३२ इंच मापाचें, म्हणजे सुमारें ८ मिलिमीटर व्यासाच्या गोळीचें असतें. लष्कर व पोलीस जीं काडतुसें वापरतात तीं नागरिकांच्या हातीं पडूं नयेत, या इंग्रजी अमदानीपासून चालत आलेल्या धोरणामुळें ९ मिलिमीटरसारखीं मापें नागरिकांना निषिद्ध आहेत. म्हणून कानपूरच्या सरकारी कारखान्यांत ०.३२ मापाचें रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षें तयार होत आलें. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अमानुष घटनेनंतर, २०१४ सालीं, स्त्रियांच्या उपयोगासाठीं म्हणून ‘निर्भीक’ नांवाचें हलकें रिव्हॉल्व्हर तेथूनच बाहेर पडलें. त्याचें वजन सुमारें ५०० ग्रॅम आणि किंमत त्या वेळीं १,२२,३६० रुपये होती. संरक्षणासाठीं काढलेली ही वस्तु सामान्य नोकरदार स्त्रीच्या आंवाक्यापासून किती दूर होती, हें त्या आंकड्यावरून कळतें.

ऑगस्ट २०२३ मध्यें कानपूरच्याच ‘ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या सरकारी कंपनीनें ‘प्रबल’ हें नवें रिव्हॉल्व्हर पुढें आणलें. त्याची नळी ७६ मिलिमीटर, एकूण लांबी १७७.६ मिलिमीटर आणि वजन सुमारें ७०० ग्रॅम. जुन्या रिव्हॉल्व्हरचें अंग काडतुसें भरण्यासाठीं मध्यावर मोडून उघडावें लागे. ‘प्रबल’चें चक्र बाजूला कलंडतें. अंग अखंड राहिल्यानें तें अधिक मजबूत होतें, ही सुधारणा खरी व उपयुक्त आहे. त्याच्या पल्ल्याचा आंकडा ५० मीटर असा जाहीर झाला, आणि जाहिरातींत तोच ठळक राहिला. नवखा माणूस हा आंकडा मनांत धरूनच चांदमारीवर पाऊल टाकतो.

तेथें त्याला प्रथम नियम शिकविले जातात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असें समजावें. जिच्यावर गोळी झाडावयाची नाहीं अशा कोणत्याहि वस्तूकडे नळी वळवूं नये. नेम धरीपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावें. लक्ष्याच्या पाठीमागें काय आहे हें आधीं पाहावें. कानांवर संरक्षक साधन घातल्यावांचून कोणालाहि उभें राहूं देत नाहींत. कारण लहान नळीचा आवाज कानाजवळ १४० डेसिबलची धोक्याची मर्यादा सहज ओलांडतो, आणि गेलेलें श्रवण परत येत नाहीं. शिशाचे कण बोटांवर राहतात, यास्तव मैदान सोडल्यावर साबणानें हात धुतल्याखेरीज अन्नाला शिवूं नये, असाहि दंडक आहे.

मग पहिली गोळी सुटते आणि नवख्याला पहिला धक्का बसतो. हलकें शस्त्र हातांत सुखाचें वाटतें, परंतु झाडतांना तेंच अधिक उसळतें. याचा हिशेब शाळेंतल्या पदार्थविज्ञानाचा आहे. गोळी जेवढा संवेग घेऊन पुढें जाते, तेवढाच शस्त्राला मागें मिळतो. सुमारें ६ ग्रॅमची गोळी सेकंदाला २२० मीटर वेगानें निघाली, तर ५०० ग्रॅमचें रिव्हॉल्व्हर सेकंदाला सुमारें २.६ मीटर वेगानें मागें येतें. ७०० ग्रॅमचें १.९ मीटर वेगानें. हा हिशेब दारूच्या वायूचा जोर सोडून केलेला आहे. तो धरला तर उसळी आणखी वाढते. म्हणजे पर्समध्यें हलकें वाटणारें शस्त्र मनगटाला जड जातें. पहिल्या एकदोन गोळ्यांनंतर हात त्या धक्क्याची आधींच धास्ती घेतो, चाप ओढतांनाच मनगट खालीं दबतें, आणि उजव्या हातानें झाडणाऱ्याच्या गोळ्या बहुधा लक्ष्याच्या खालीं डावीकडे जाऊन पडतात.

दुसरी अडचण चापाची. घोडा आधीं हातानें मागें चढविला तर चाप हलका लागतो. परंतु संकटाच्या वेळीं घोडा चढवीत बसण्यास सवड नसते. केवळ चाप ओढून गोळी झाडावयाची, तर त्याच एका ओढींत चक्रहि फिरवावें लागतें व घोडाहि उचलावा लागतो. अशा ओढीला चारपांच किलोग्रॅमचा जोर लागणें नवलाचें नाहीं. अर्ध्या किलोची वस्तु स्थिर ठेवून तिच्यावरच तिच्या आठदहापट जोर लावावयाचा आणि ती तसूभरहि हलूं द्यावयाची नाहीं, अशी ही कसोटी आहे.

तिसरी व सर्वांत मोठी अडचण नेमाची. नळीच्या टोंकाला असलेली माशी आणि मागची खांच एका रेषेंत आणून नेम धरतात. या दोहोंमधील अंतर लहान पिस्तुलांत जेमतेम १० सेंटीमीटरच्या आसपास असतें. समजा, माशी फक्त १ मिलिमीटरनें सरकली. मग १० मीटरवर गोळी १० सेंटीमीटरनें चुकेल, २५ मीटरवर २५ सेंटीमीटरनें, आणि जाहिरातींतल्या त्या ५० मीटरवर अर्ध्या मीटरनें. तेवढ्या चुकीला समोरचा माणूस सुटून शेजारचा सांपडूं शकतो. ५० मीटरचा आंकडा गोळी कोठवर पोंचते हें सांगतो; मनुष्याचा हात तेथवर पोंचतो असें तो सांगत नाहीं.

तुलनेसाठीं खेळांतील पिस्तूल पाहावें. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ सालीं जकार्ता-पालेंबांग येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत २५ मीटर पिस्तूल प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. या प्रकारांतील पिस्तूल ०.२२ मापाचें, म्हणजे अगदीं सौम्य काडतुसाचें असतें. त्याचें वजन १,४०० ग्रॅमपर्यंत, माशी व खांच यांमधील अंतर २२ सेंटीमीटरपर्यंत चालतें, आणि चापाला १ किलोग्रॅमचा जोर पुरतो. इतकें अनुकूल साधन असूनहि २५ मीटरवरील ५ सेंटीमीटर व्यासाच्या मधल्या वर्तुळांत गोळी बसविण्यासाठीं वर्षानुवर्षें नित्य साधना लागते. खिशांतल्या पिस्तुलांत यांतली प्रत्येक सोय उणी झालेली असते. जितकें शस्त्र लहान, तितकी त्याची विद्या कठीण, हा चांदमारीचा पहिला धडा होय.

या विद्येची आपल्या देशांतील परंपरा महाराष्ट्रीयांना परकी नाहीं. १९५१ सालीं ‘नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया’ स्थापन झाली तेव्हां तिचे पहिले अध्यक्ष पुढें लोकसभेचे सभापति झालेले गणेश वासुदेव मावळंकर हे होते, आणि त्यांच्या नांवाची नेमबाजीची स्पर्धा नवोदितांस परिचित आहे. नागरिकानें शस्त्र शिस्तीनें हाताळावें, ही दृष्टि त्या स्थापनेमागें होती. शिस्त वगळून केवळ शस्त्र घेतलें, तर माकडाच्या हातीं कोलीत दिल्यासारखें होतें.

चांदमारीवर लक्ष्य स्थिर असतें, उजेड भरपूर असतो आणि गोळी झाडण्याची सूचना आधीं मिळते. रस्त्यावर यांतलें कांहींच नसतें. अमेरिकेंतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्यूलर यांनीं १९८३ सालीं एका लेखांत मांडलें कीं, सुरा घेतलेला धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे सुमारें साडेसहा मीटर अंतर दीड सेकंदांत कापतो. आणि सरावलेल्या अधिकाऱ्यालाहि पट्ट्यांतून पिस्तूल काढून गोळी झाडण्यास जवळजवळ तितकाच वेळ लागतो. मग ज्याचें पिस्तूल पर्सच्या तळाशीं रुमालाखालीं किंवा गाडीच्या कप्प्यांत कुलपाआड आहे, त्यानें काय करावें? अनेक हल्लेखोर एकदम येतात तेथें तर हा हिशेब आणखीच प्रतिकूल होतो. याउलट, आधीं सावध होणें, एकटें न जाणें, मोठ्यानें ओरडणें, वेळीच ११२ क्रमांकावर पोलिसांना कळविणें, या उपायांना परवाना लागत नाहीं व ते चुकून शेजाऱ्याचा जीव घेत नाहींत.

कायद्याची मर्यादाहि ध्यानांत ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत आत्मसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ यांत सांगितला आहे. हा हक्क मोठा आहे, परंतु संरक्षणाला आवश्यक तेवढीच इजा करण्यापुरता तो आहे. आणि अधिकाऱ्यांकडे धांव घेण्यास अवधि असेल तेथें तो मिळत नाहीं. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें परवानाधारकाला ठेवतां येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली, आणि आनंदाच्या भरांत किंवा निष्काळजीपणें गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यांत घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठरविण्यांत आल्या. लग्नाच्या वरातींत वा निवडणुकीच्या मिरवणुकींत आकाशाकडे झाडलेली गोळी आकाशांत राहत नाहीं. ती कोठें तरी खालीं येते, आणि तेथें एखाद्या घराचें पत्र्याचें छप्पर असूं शकतें, अंगणांत निजलेलें मूल असूं शकतें.

अखेरचा विचार घराचा. संरक्षणाच्या पिस्तुलाबद्दल एक पेंच असा आहे कीं, तें हाताशीं ठेवावें तर मुलांच्या हाताशीं येतें, आणि कुलपांत ठेवावें तर वेळेला हाताशीं येत नाहीं. या पेंचांतून सुटण्याचा निर्दोष मार्ग नाहीं. ज्या घरांत मुलें आहेत, कलह आहे, मद्य आहे किंवा कोणाचें मन खचलेलें आहे, तेथें शस्त्र कुलपांत व काडतुसें दुसऱ्या कुलपांत, हाच नियम पाळावा लागतो. आणि तसें करणें जेथें शक्य नाहीं, तेथें शस्त्र न आणणें हेंच शहाणपणाचें.

बीडसारख्या जिल्ह्यांत भय खोटें नाहीं. बालाघाटाच्या डोंगरांतील वस्त्यांवर, ऊसतोडीसाठीं माणसें गेल्यावर ओस पडणाऱ्या घरांत, रात्रीच्या एकट्या रस्त्यावर तें भय आजहि जाणवतें, आणि त्याला हंसण्याचें कारण नाहीं. ज्याला खरा धोका आहे, त्यानें रीतसर परवाना मागावा. पण परवाना हातीं आल्यावर कमरेला पिस्तूल लावून बाजारांत फिरण्यापूर्वीं त्यानें चांदमारीवर उभें राहावें. दहा मीटरवरच्या कागदावर सहा गोळ्या झाडाव्या आणि तो कागद घरीं आणून सर्वांना दाखवावा. कागदाच्या बाहेर गेलेल्या गोळ्यांचीं भोंकें त्यावर दिसत नाहींत. त्या कोठें गेल्या असत्या, याचा विचार घरांतील मंडळींनीं एकत्र बसून करावा. पिस्तूल नित्य जवळ बाळगावें कीं नाहीं, हें त्यानंतर ठरवावें.