पोटखराब्यांतील पाहुणे

फाल्गुन सरतां सरतां अंबरनाथ-बदलापुराकडील तळीं व बंधारे मागें हटूं लागतात आणि पाण्याच्या कडेला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यांत अशा जागेची नोंद बहुधा ‘पोटखराब’ या एकाच शब्दांत आटोपते. हा शब्द लिहितां लिहितां आमची नोकरी संपली. ‘अ’ वर्ग म्हणजे लागवडीस अयोग्य, आणि ‘ब’ वर्ग म्हणजे रस्ता, ओढा, तळें अशा सार्वजनिक कामाकडील जमीन. त्या जमिनीवर कोण नांदतें, याला उताऱ्यांत रकाना नाहीं.

सांप्रत तो रकाना भरण्यास शहरांतील मंडळी येऊं लागली आहे. १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव पडलें. त्यानंतर हीं तिन्ही गांवें एवढीं वाढलीं कीं तेथील मुलांस बगळा व करकोचा यांतील भेद पुस्तकांतच पाहावा लागतो. सुटीच्या आदल्या सायंकाळीं तंबू व दुर्बीण घेऊन बाहेर पडावें आणि पहांटे पाण्यावर पांखरें पाहावीं, हा छंद आम्हांस फार चांगला वाटतो. चैत्रांत थापट्या व तलवार बदक उत्तरेकडील आपल्या देशाची वाट धरतात. वारकरी, टिबुकली, ढोकरी, खंड्या हीं मात्र येथेंच असतात. रेल्वेनें बांधलेला काकोळ्याचा जी. आय. पी. तलाव त्याकरितां जवळचा. त्याच डोंगरांतून निघणारी वालधुनी पुढें १०६० सालच्या शिवालयाजवळून वाहते व कारखान्यांच्या आणि वस्तीच्या मैल्यानें काळी पडते. तेथेंहि शेकाटे उभे दिसतात. त्यावरून पाणी निर्मळ आहे असें कोणीं समजूं नये.

शेतकऱ्यास यांत काय, असें सभासद विचारतील. गायबगळा नांगरामागून चालून नाकतोडे टिपतो, मुग्धबलाक गोगलगायी खातो. उलटपक्षीं जांभळी पाणकोंबडी भाताचीं कोंवळीं रोपें नासते, हेंहि लपवूं नये. तरी एकंदर हिशेब आमच्या मतें पांखरांच्या बाजूनें उतरतो.

आतां मुख्य गोष्ट. टिटवी घरटें बांधीत नाहीं. फाल्गुन-चैत्रापासून पावसाळ्यापर्यंत ती उघड्या जमिनीवर खळगा करून बहुधा चार अंडीं घालते. त्यांचा रंग मातीचाच, म्हणून पाय पडेपर्यंत तीं दिसत नाहींत. नर व मादी पाळीपाळीनें, सुमारें महिनाभर उबवितात. भर उन्हांत पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून आणतात व अंडीं गार ठेवतात. जेथें पाणी जवळ, जमीन सपाट व वारा गार, तीच जागा तंबूवाल्यांसहि आवडते! तंबू ठोकला कीं पक्षी रात्रभर ओरडत घिरट्या घालतो, आणि दुसऱ्या दिवशीं ऊन चढेपर्यंत मंडळी हालली नाहीं तर अंडीं भाजून निघतात. पाहावयास आलेल्यांनींच पाहण्याजोगें तें संपवावें, असा हा प्रकार. (टिटवीनें उंचावर अंडीं घातलीं तर पाऊस फार, अशी समजूत आहे, तिच्यावर पेरणीचा दिवस ठरवूं नये.)

यावर उपाय आपल्याच हातांत आहे. भाताचीं खाचरें कापणीनंतर, वाल निघाला म्हणजे, मृगापर्यंत रिकामीं असतात. तंबूस जागा तेथें द्यावी, पाण्याच्या कांठीं नव्हे. भाकरी-पिठल्याचे पैसे घ्यावे. विस्तव एकाच चुलींत, पेंढ्याच्या उडवीपासून दूर ठेवण्यास सांगावें. गाणीं वाजवूं देऊं नयेत. निफाड तालुक्यांत नांदूरमध्यमेश्वर येथें गोदावरीच्या बंधाऱ्यांत गाळ सांचून पाणथळ झाली. १९८६ सालीं तेथें अभयारण्य झालें आणि २०२० सालीं महाराष्ट्रांतील पहिली रामसर पाणथळ म्हणून तिची नोंद झाली. तेथें गांवचेच तरुण पाहुण्यांस पक्षी दाखवितात व त्यावर चार पैसे मिळवितात.

गाळपेर जमीन एका हंगामापुरती कसणाऱ्यांसहि एक विनंति. नांगर चालतांना टिटवी आडवी आली, तर खळगा शोधून चारी बाजूंस काठ्या रोवाव्या व दोन-तीन हात जागा पडीत सोडून पुढें जावें. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें अंडीं मोडण्यास मनाई आहेच. पण तेवढ्या जागेंत काकड्या तरी किती निघाल्या असत्या?